विद्यार्थ्याची शिदोरी



वसंतातल्या व्याख्यानांना विषय बहुधा मोठे निवडले जातात. कोणी संतांविषयी बोलतो, कोणी राज्यकारभाराविषयी, तर कोणी देशोदेशींच्या घडामोडींविषयी. आम्ही आज जो विषय घेतला आहे, तो त्या मानाने अगदी घरगुती आहे. आपल्या देऊळघाटातून एखादा मुलगा किंवा एखादी मुलगी कॉलेजात जावयास निघते, तेव्हा तिच्या शिदोरीत काय असते, ती शिदोरी कोण बांधून देतो, आणि ती वाटेत संपली तर पुढे काय होते, एवढाच आमचा प्रश्न आहे. यात इतिहास तो कोणता, असे कोणी विचारील. लढाया कोणी जिंकल्या हा जसा इतिहास, तसाच आपल्या मुलांनी कोणाच्या अन्नावर आणि कोणाच्या पैशावर विद्या मिळविली हाही इतिहासच आहे. तो नीट पाहिला म्हणजे त्यातून आजच्या उपयोगाची एक गोष्ट हाती लागते, असा आमचा अनुभव आहे.

आरंभ दूरवरून करू. पेशवाईत दर श्रावणात पुण्यास विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. पेशवाई १८१८ साली बुडाली, तरी इंग्रजांना ही दक्षिणा एकदम बंद करणे सोयीचे वाटले नाही. त्या निधीतूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे सुधारकांनी मागणी लावून धरली आणि त्या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांना व नव्या शिक्षणाला मिळू लागला; दक्षिणा फेलो नावाच्या जागाही त्यातूनच निर्माण झाल्या. अशा जागेवर राहून शिकलेल्यांपैकी एक म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. त्यांनीच १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली. म्हणजे आज आपण ज्या प्रथेमुळे येथे जमलो आहोत, तिचा जनकच विद्यार्थी म्हणून वेतनावर शिकलेला होता. दक्षिणेत दोष होताच, आणि तो मोठा होता. ती मूळची एकाच जातीची होती. परंतु दानाचा पैसा शिष्यवृत्ती कसा झाला, हे तिच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

ज्यांना दक्षिणा नाही आणि शिष्यवृत्तीही नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट होती. ती म्हणजे वार लावून जेवणे. आठवड्याचे वार सात, म्हणून घरे सात. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. एखादे घर गावाला गेले, की त्या दिवशी विद्यार्थ्याला उपास. कोणी माधुकरी मागून पोट भरी. पुण्यात १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघाले, तेथील मुलेही आरंभी माधुकरी मागूनच शिकली. या पद्धतीची थट्टा करणे सोपे आहे. पण तिच्या मुळाशी एक शहाणपण होते. एका घराला जो भार पेलत नाही, तो सात घरांना जाणवतही नाही. तिच्यात उणीव होती ती दुसरीच. ज्याच्यासाठी कोणाचाही उंबरठा उघडा नव्हता, त्याला आठवड्याचा एकही वार मिळत नसे. आणि ज्याला मिळे, त्याचीही मान रोज थोडी खाली जात असे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे येऊ. गोपाळ गणेश आगरकर हे मूळचे कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचे. घरची गरिबी अशी की, शिकण्याच्या वयात त्यांना कचेरीत उमेदवारी करावी लागली आणि दवाखान्यात औषधे द्यावी लागली. शिक्षणासाठी ते पायी रत्नागिरीस गेले, तेथेही जमले नाही. अखेर ते आले आपल्या अकोल्यास. तेथे त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखे शिक्षक भेटले. अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहून थोडेफार मिळू लागले, आणि १८७५ साली ते मॅट्रिक झाले. रानड्यांनी पुण्यास व्याख्यानमाला काढली तेच हे वर्ष. त्याच सुमारास हा मुलगा अकोल्याहून पुण्याच्या डेक्कन कॉलेजाकडे निघाला. अंगावर एकच सदरा, तो रात्री धुवावयाचा आणि सकाळी पुन्हा घालावयाचा, ही त्यांची हकीकत पुष्कळांनी ऐकलेली असेल.

त्या सदऱ्याइतकी प्रसिद्ध नसलेली एक हकीकत आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. परीक्षा जवळ आली आणि फी भरण्यास पैसे नव्हते. आगरकरांनी ठरविले की एक नाटक लिहावे, ते विकावे आणि फी भरावी. परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवून ते नाटक लिहीत बसले. ही गोष्ट गणिताचे प्राध्यापक केरूनाना छत्रे यांच्या कानी गेली, आणि त्यांनी फीचे पैसे देऊन विद्यार्थ्याला अभ्यासाकडे परत पाठविले, असे चरित्रकार सांगतात. विचार करा. आगरकरांच्या सगळ्या शिक्षणाचा खर्च काही केरूनानांनी केला नाही. त्यांनी एक फी दिली, पण ती नेमक्या दिवशी दिली. तो दिवस टळला असता, तर नंतर दसपट रक्कम देऊनही ते वर्ष परत आले नसते.

आमच्या आजच्या बोलण्याचे सूत्र ते हेच. विद्यार्थी बुडतो तो शिक्षणाच्या एकूण खर्चामुळे क्वचितच बुडतो. बहुधा तो बुडतो वेळेवर न आलेल्या थोड्या पैशामुळे. पुढची उदाहरणे याच दृष्टीने पाहावीत अशी विनंती आहे.

गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये ते कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत घर चालवीत. अर्ध्याहून अधिक पगार एका विद्यार्थ्यावर! ही रक्कम मोठी नव्हती, पण ती दरमहा येत होती. म्हणून गोपाळला ती पुरविता आली. एकदा मित्राने आग्रहाने नाटकाला नेले आणि मागून तिकिटाचे पैसे मागितले. त्याची भरपाई म्हणून दिव्याचे तेल बंद झाले आणि रस्त्याच्या दिव्याखाली वाचन सुरू झाले, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. लोक ही गोष्ट अभ्यासूपणाची म्हणून सांगतात. आम्हांला ती जमाखर्चाची वाटते. एके ठिकाणी पैसा जास्त गेला, तर तो दुसरीकडून काढला पाहिजे, आणि तो भावाकडे वाढवून मागावयाचा नाही, हे त्या कोवळ्या वयाच्या मुलाला कळले होते. पुढे कॉलेजाचा प्रश्न आला तेव्हा भावजयीने अंगावरचे दागिने पुढे केले, आणि एल्फिन्स्टन कॉलेजात २० रुपयांची शिष्यवृत्तीही मिळाली. १८८४ साली गोपाळराव पदवीधर झाले.

दागिन्यांचा उल्लेख निघाला आहे, तर आनंदीबाई जोशी यांचे नाव घेतलेच पाहिजे. १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्यास अमेरिकेला निघाल्या, तेव्हा प्रवासखर्चासाठी त्यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. तिकडे गेल्यावर कार्पेंटरबाईंनी त्यांना घर दिले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. आपल्या समाजात स्त्रीचे सोने ही घराची शेवटची गंगाजळी समजली जाते. आपल्या कितीतरी मुलांच्या पदव्या या गंगाजळीतून आलेल्या आहेत, आणि त्यांच्या प्रमाणपत्रांवर त्या बायकांचे नाव कोठेही छापलेले नसते.

आता सर्वांत मोठे उदाहरण. भीमराव आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात होते, तेव्हा बडोद्याचे सयाजीराव महाराज त्यांना दरमहा २५ रुपये देत. १९१३ साली महाराजांनी त्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची, असा करार झाला. त्या पैशातून भीमरावांनी स्वतः भागविले, घरी पाठविले, आणि उरल्यासुरल्यात जुन्या बाजारातून पुस्तके घेतली. पुढे ते लंडनला गेले. तेथे अभ्यास ऐन रंगात असता १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि परतावे लागले. विद्वत्ता कमी नव्हती, इच्छा कमी नव्हती, तरी काम अर्धे राहिले.

पण ते राहू दिले नाही, यातच त्यांचे मोठेपण. निघताना त्यांनी लंडनच्या विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी घेऊन ठेवली. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले आणि पगारातून काटकसरीने शिल्लक टाकू लागले. तेवढ्याने भागणार नव्हते. शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने ५,००० रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला पोहोचले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. या हकिकतीत पैशाच्या चारही वाटा एकत्र आलेल्या आहेत. करारावरची शिष्यवृत्ती, स्वतःची कमाई, आश्रयदात्याची मदत आणि मित्राचे कर्ज. एकच वाट धरून बसणारा विद्यार्थी अडतो. चार वाटा ठाऊक असलेला विद्यार्थी एक बंद झाली तर दुसरीने जातो.

एकेका बुद्धिमान मुलाला एकेक राजा भेटेल, अशी आशा धरून समाज शिकत नाही. हे शाहू महाराजांना पुरेपूर उमगले होते. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि पुढील वर्षांत जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. मुस्लिम बोर्डिंग १९०६ चे. गावाकडून आलेल्या मुलाचा खरा खर्च फीचा नसतो, तो राहण्याजेवणाचा असतो, ही महाराजांची पारख होती. भाऊराव पाटलांनी एक पाऊल पुढे टाकले. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी बोर्डिंग काढले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत, आणि स्वतः राबून आपला खर्च हलका करीत. मुठीमुठीने धान्य जमवून वसतिगृहे चालली. एकदा कोठार रिकामे झाले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली साताऱ्यात निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजाने ‘कमवा आणि शिका’ हा विचार उच्च शिक्षणात आणला. वारात जेवणाऱ्याची मान खाली जाई. कुदळ मारून जेवणाऱ्याची गेली नाही. फरक एवढाच, पण तो फार मोठा आहे.

वऱ्हाडातल्या मुलाला आणखी एक अडचण होती, ती अंतराची. एके काळी येथल्या मुलाला पदवी हवी असेल तर मुंबई, पुणे नाही तर नागपूर गाठावे लागे. १९२३ साली नागपूर विद्यापीठ झाले, त्याच साली अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघाले, आणि स्वतंत्र अमरावती विद्यापीठास १९८३ साल उजाडावे लागले. विद्यापीठ जवळ येणे म्हणजे भाडे, प्रवास आणि खानावळ यांचा खर्च उतरणे, हे आपण विसरतो. या अंतराची झळ सोसलेले आपले थोर पुरुष म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा विलायतेस गेला, तो वडिलांनी जमिनीवर कर्ज काढल्यामुळे. परत आल्यावर त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढून सर्व जातींच्या मुलांची सोय केली, आणि पुढे श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. बापाने आपल्यासाठी वावर गहाण टाकले, त्याची फेड त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना भाकरी देऊन केली.

यानंतरचा टप्पा कायद्याचा आणि सरकारचा. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५९ च्या सुमारास, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, जात न पाहता बेताच्या उत्पन्नाच्या घरांतील मुलांना फीमाफी मिळाली. अलीकडे शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबरावांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, आंबेडकरांच्या नावाची स्वाधार योजना आहे. २०२४ साली आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली. ज्यांनी शिक्षणासाठी हालअपेष्टा सोसल्या किंवा दुसऱ्यांच्या हालअपेष्टा कमी केल्या, त्यांचीच नावे या योजनांना आहेत, हे योग्यच आहे. दक्षिणेपासून निघालेला प्रवास हक्कापर्यंत आला. आता विद्यार्थ्याला कोणाच्या ओसरीवर उभे राहावे लागत नाही.

मग अडचण कोठे उरली? ती उरली जून महिन्यात. आपण शेतकरी माणसे. मृगाच्या तोंडावर घरात जो पैसा असतो, तो बियाणे आणि खत यांत जातो. सोयाबीन आणि कापूस घरात येऊन त्याचे पैसे होतात दसरा-दिवाळीनंतर. कॉलेजाचा प्रवेश मात्र पेरणीच्याच दिवसांत असतो. खोलीची अनामत, पहिल्या महिन्याची खानावळ, पुस्तके, एस. टी. चा पास, हे सारे एकदम येते. शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती हातात पडेपर्यंत कधी कधी वर्ष सरत आलेले असते. सरकारचा पैसा हक्काचा आहे, पण तो आगरकरांच्या परीक्षेचा दिवस ओळखत नाही. म्हणून हुशार मुलगा जूनमध्ये घरी बसतो, आणि पुढच्या वर्षी जाईन म्हणतो. ते पुढचे वर्ष बहुधा येत नाही. मुलीच्या बाबतीत तर त्या एका वर्षात तिचे लग्न ठरते.

यावर उपाय दोन, एक विद्यार्थ्याने करावयाचा आणि एक गावाने.

विद्यार्थ्याने काय करावे? पहिली गोष्ट, वही घालावी. एका बाजूला वर्षाच्या बारा महिन्यांत कोणत्या महिन्यात काय खर्च येणार ते लिहावे. समोर कोणत्या महिन्यात कोठून काय येणार ते लिहावे. बेरीज जुळली तरी महिने जुळत नाहीत, हे त्याला लगेच दिसेल, आणि भोक नेमके कोठे आहे तेही कळेल. दुसरी गोष्ट, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँकेचे खाते, ही कामे चैत्र-वैशाखात उरकावीत. शिष्यवृत्ती रखडते, तेव्हा कित्येकदा एखादा कागदच राहिलेला असतो. तिसरी गोष्ट, कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का, ते पहिल्याच आठवड्यात विचारावे. ग्रंथालयात किंवा बागेत काम करण्यात कसलाही कमीपणा नाही. चौथी गोष्ट कर्जाची. बँकेचे शैक्षणिक कर्ज शिक्षण संपल्यावर फेडावयाचे असते. ते विचार करून घेतले तर पाप नाही. पण मोबाइलवर पाच मिनिटांत पैसे देणाऱ्यांपासून चार हात दूर राहावे. जुना सावकार निदान घरी येऊन बसत असे. हा नवा सावकार खिशात बसून असतो.

आणि गावाने काय करावे? आम्ही असे सुचवितो की, देऊळघाटात जूनसाठी एक विद्यार्थी निधी असावा. तो दानाचा नसावा, उसनवारीचा असावा. सुगीच्या दिवसांत ज्याला जमेल त्याने त्यात घालावे. मुठीने धान्य जमते तसे थोडे थोडे जमते. जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी गरजू मुलामुलींना त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी. शिष्यवृत्ती आली किंवा शेतमाल विकला गेला, की ती परत यावी आणि पुढच्या जूनला दुसऱ्याच्या कामी पडावी. देणारा कोण आणि घेणारा कोण, याची वाच्यता चार विश्वासू माणसांपलीकडे होऊ नये. जात, धर्म, मोहल्ला, आळी पाहू नये. फक्त प्रवेशपत्र पाहावे. ही रक्कम थोडी असली तरी चालेल. केरूनानांनी दिली ती एकच फी होती, आणि गोविंदरावांनी पाठविले ते आठच रुपये होते.

या सूचनेवर आक्षेप येतील हे आम्ही जाणून आहो. घेतलेले परत येणार नाही, असे कोणी म्हणेल. काही येणार नाही, हे खरे. पण सात घरांच्या वारांत जेवलेल्यांनी पुढे कितीतरी घरे उभी केली आहेत. जुन्या पिढीने हिशेब केला तो माणूस पाहून केला. आपणही तसा करण्यास हरकत नाही.

आजचे व्याख्यान संपते आहे आणि वैशाखही संपत आला आहे. मृग आता दूर नाही. या वर्षी बारावी झालेली किंवा पदवीच्या वाटेवर असलेली आपल्या गावातली मुले-मुली किती, याची यादी करावयास एक संध्याकाळ पुरे. ती यादी उद्याच्या व्याख्यानापूर्वी येथे तयार असावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.